मोठ्या बाईंची हाक

मी पंचवीस-सव्वीस वर्षांची असताना माझा चार वर्षांचा मुलगा शहरातल्या बागेत हरवला, आणि मी त्याला नावानं हाक मारली नाही. घसा बसला नव्हता, जीभ शाबूत होती. तीच जीभ थोड्या वेळापूर्वी बर्फाच्या गोळ्यानं लाल झाली का ते बघायला मी दहादा बाहेर काढली होती. पण पोर नजरेआड झालं तेव्हा मी, पाचोडची शहाणी सून, डोक्यावरचा पदर दातात धरून हिरवळीच्या कडेकडेनं हलक्या आवाजात म्हणत फिरले, "आबा… अहो आबा… कुठं गेलात?" बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. एकानं तर चष्मा चढवून मला नीट निरखलं, ओळखीतली निघते का म्हणून. आज त्या बाईचं मला हसू येतं, अन् कधी कधी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण त्या घटकेला तिच्या पोटात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे, आणि आणखी एका माणसाला ठाऊक होतं. ते माणूस गेल्या महिन्यात गेलं.

सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं अन् फोन वाजला. ह्या वयात सकाळचा फोन वाजला की आधी छाती धरायची आणि मग फोन. शोभाचा होता. शोभा म्हणजे माझ्या थोरल्या जावेची एकुलती एक लेक, शहरात राहते, आईही तिच्याकडेच होती. "काकू," म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "थांब, गॅस बंद करते." गॅस बंद केला, पातेलं उतरवलं, त्यावर झाकण ठेवलं, ओटा पुसून घेतला. जोवर ऐकलं नाही तोवर ते झालं नाही, असं मनाशी धरून मी तो ओटा कोपऱ्याकोपऱ्यातून पुसला. "काकू, आहेस ना?" "हाय गं बाई, बोल आता."

माझी थोरली जाऊ, मोठ्या बाई, पहाटे झोपेतच गेल्या होत्या. दोन दिवसांनी आमच्या पाचोडच्या चौकात फ्लेक्स लागला, त्यावर फोटो आणि खाली 'कै. कौसल्याबाई'. शेजारची म्हणाली, "काकू, ह्या कौसल्याबाई कोण वो तुमच्या?" आणि खरं सांगते, क्षणभर मलाही कळेना. इतक्या वर्षांत ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. त्या सासूबाईंच्या थोरल्या, शोभाची आई, माझ्या मुलाची मोठी आई, आणि माझ्या मोठ्या बाई. नावाचं आमच्या घरात हे असंच होतं. सगळं रामायण त्या नावांवरूनच घडलं, म्हणून आधी ते सांगते.

माझ्या सासऱ्यांचं नाव दगडू. आता लिहिताना हसू येतंय, पण अजूनही पेन जरा अडखळतं. घरच्या सुनांनी ते नाव उच्चारायचं नाही, आणि नावच काय, तो शब्दही नाही. म्हणून आमच्या घरात बायका दगडाला धोंडा म्हणायच्या. ज्वारीत खडा निघाला तरी "धोंडा निघाला बाई" आणि पाय ठेचला तरी धोंड्यालाच ठेचला. माझ्या बाळंतपणाआधी तीन महिने सासरे वारले, मला मुलगा झाला, आणि सासूबाईंनी पाळण्यात डोकावून निकाल दिला, "मालक परत आले." झालं. पोराचं नाव दगडू ठेवलं. बाप्ये त्याला दगडू म्हणायचे. आम्हा बायकांना मात्र तो 'आबा' आणि वर अहो-जाहो. "आबा, चड्डी घाला." "आबा, नाकात बोट नका घालू." "आबांनी गादी ओली केली, वाळत टाका." मी कधी चापट उगारली की सासूबाई आतून ओरडायच्या, "माझ्या मालकावर हात उचलतीस व्हय गं?" मग आबा माझ्याकडे बघून जीभ दाखवायचे.

नाव घेतलं तर पाप, आणि पाप फिरतं ते कुंकवावर, हे आम्हाला इतकं भरवलेलं होतं की मी पोथी वाचतानासुद्धा नवऱ्याच्या नावाचा शब्द आला की गुणगुणून पुढं जायची. नवऱ्याचं नाव भगवान. पोथीत हा शब्द किती वेळा येतो तुम्हीच बघा. निम्मी पोथी मी गुणगुणूनच वाचली आहे.

माझे थोरले दीर शहरात सरकारी कचेरीत होते, कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचे. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं संभाजीनगर, आम्हा पाचोडच्या बायकांना नुसतं 'शहर'. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस मला तिथं जायची परवानगी असायची. लोक सुट्टीत मजा करायला जातात, मी परीक्षेला बसल्यासारखी जायची, कारण तिथं मोठ्या बाई होत्या. फुलंब्रीकडच्या खात्यापित्या घरातली लेक, उंच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी केलेली भाकरी त्या खिडकीतल्या उजेडासमोर धरून बघायच्या. बोलायच्या काही नाहीत, फक्त धरून बघायच्या. मी साडी पिळून वाळत घातली की मागून येऊन पुन्हा पिळायच्या, आणि तिच्यातून खरंच पाणी निघायचं, मेलं! त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की ओट्यावरचा पसारा मी टोपल्याखाली ढकलायची. ही बाई कशालाच भीत नाही, ना सासूला, ना सापाला, ना साहेबाच्या बायकोला, असं सगळं खानदान म्हणायचं. मीही म्हणायची. मी तर त्यांच्या वाट्याचंही भिऊन ठेवलं होतं.

त्या वर्षी मोठ्या बाईंनीच बागेत जायचं काढलं. स्टँडशेजारची ती बाग, उन्हं उतरली की अख्खं शहर तिथं गार व्हायला यायचं. पाइपानं भिजवलेल्या हिरवळीचा वास यायचा, कापून हत्ती-मोर केलेली झुडपं होती, जुन्या लिंबांखाली सिमेंटचे बाक होते. इतकी शांत जागा मी शहरात दुसरी पाहिली नव्हती. फक्त दोन आवाज यायचे. भिंतीपलीकडून स्टँडवरचा भोंगा गाड्या पुकारायचा, आणि आतल्या बाजूनं, संध्याकाळचं केव्हातरी, पिंजऱ्यातला वाघ ओरडायचा. त्याच्याआधी मी वाघ ऐकला नव्हता. तो कानाला ऐकू येत नाही हो, तो बरगड्यांना ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातातलं धपाटं खाली पडलं, मोठ्या बाईंनी ते उचललं, झटकलं, आणि "पिंजऱ्यात हाय तो, गोदे. तुझ्या सासूवाणी मोकळा नाय," म्हणत परत माझ्या हातात दिलं.

मी हसले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्यासमोर हसले, आणि त्या हसण्यातच माझी नजर हलली. वळून बघते तर आबा नाहीत.

सुरुवातीला माणूस भीत नाही. झाडामागं असतील, बाकाखाली असतील असं वाटतं. बाकाखाली बघितलं, मोराच्या झुडपामागं बघितलं. मग पायाचे तळवे गार पडायला लागतात. भर मे महिन्यात, चपलेतल्या चपलेत. चारी बाजूंना पोरंच पोरं, सगळी पाठमोरी, सगळ्यांच्या अंगात तसलाच निळा सदरा. एकाचा खांदा धरून वळवला तर ते परकं पोरगं रडायलाच लागलं. आणि मी मघाशी सांगितलं तसं, पदर दातात धरून, कुजबुजत "आबा, अहो आबा" करत फिरत होते. ओरडायचं मनात आलंच नाही. परमुलखात, परपुरुषांच्या गर्दीत, सुनेनं आवाज चढवायचा? आणि ओरडायचं तर काय ओरडायचं?

राखणदार आला, शिट्टी गळ्यात. "क्या हुआ बाई? बच्चा गुम गया?" मी मान हलवली. "नाम क्या उसका?"

मी पदर आणखी घट्ट चावला.

"नाम बोलो ना, नाम! मैं उधर माईकवालेकू बोलता, अभी पुकार देंगे."

मी म्हटलं, "नाव… नाव घेता येत नाय."

त्याला वाटलं मी मुकी-बहिरी आहे. जवळच बुरख्यातल्या एक बाई आपल्या तीन लेकरांना घेऊन बसल्या होत्या. त्या उठून आल्या, माझा दंड धरला आणि गदागदा हलवून म्हणाल्या, "अगे माँ, शरमाने का टाईम है क्या ये? नाम बोलो! नाम के बगैर कैसा बुलाएंगे उसकू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या डोळ्यांत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त सासूबाई होत्या, त्या म्हणत होत्या, मालकाचं नाव चव्हाट्यावर घेतलंस, आता भोग. भिंतीपलीकडं स्टँडचा भोंगा एका दमात गावांची नावं घेत होता, पैठण, बीड, पाचोडमार्गे अंबड… साऱ्या मुलखाची नावं घेत होता, आणि मला एक नाव घेता येत नव्हतं. तेवढ्यात वाघ ओरडला. त्याच्या पाठोपाठ तिकडून पोरांची किंकाळी आली, मजेची होती की भीतीची कोण जाणे. मी हिरवळीवर बसकण मारली. ओल्या गवतात बसलेली, नेसूतून पाणी वर चढतंय, आणि तोंडात अजून पदर.

तेव्हा मोठ्या बाई पुढं झाल्या. त्या तोवर कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारून आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, राखणदाराकडं पाहिलं, डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, बाकावर चढल्या, हो, चपलांसकट बाकावर चढल्या, आणि तीन शेतं ओलांडून गड्याला घातलेली हाक असते तशी हाक घातली.

"दगड्याऽऽऽ! ए दगड्याऽऽऽ! कुठं मेलास रं मुडद्याऽऽऽ!"

बाग थांबली. पाइपवाला माळी पाइप धरून थांबला, नळ आपला वाहतोय. माझ्या कानात तर वीज पडली होती. ज्या नावासाठी आम्ही मुलखातल्या साऱ्या दगडांचा धोंडा केला, त्या नावाला 'ड्या' लावून, वर मुडदा जोडून, थोरल्या सुनेनं भर बागेत पुकारलं होतं. त्यांनी दम घेतला आणि पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा आवाज फाटला. मग वाघाच्या बाजूच्या गर्दीतून, माणसांच्या पायांमधून, आमचे आबा बाहेर आले. तोंड शेंगदाण्यांनी भरलेलं, कुणी दिले देव जाणे. निवांत चालत आले आणि कमरेवर हात ठेवून बाकावरच्या बाईकडं मान वर करून म्हणाले, "मोठी आई, हळू वरड ना. वाघ आत्ताच बसला हुता खाली. उठला बघ तुझ्यामुळं."

मोठ्या बाई बाकावरून उतरल्या, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला इतकं घट्ट धरलं की शेंगदाणे बाहेर आले. बुरख्यातल्या बाई म्हणाल्या, "शुकर है," आणि आपली तिन्ही पोरं मोजून घेतली. राखणदार मला म्हणाला, "बाई, गूंगी नहीं थी तुम?" मी मान हलवून 'नाही' म्हटलं. तेव्हाही मुक्यानंच.

घरी परतताना रिक्षात मोठ्या बाईंनी पोराचा सदरा मुठीत धरून ठेवला. कॉलनीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा थांबल्या. "गोदे, तू पोरगं हरवलंस."

"व्हय, बाई."

"हे पाचोडला कळलं तर सासूबाई तुला परत पोरासंगट वेशीबाहेर सोडत नसत्यात."

"व्हय, बाई."

"अन् मी नाव घेतलं. हे कळलं तर मला उंबऱ्याच्या आत घेत नसत्यात." किल्ल्यांचा जुडगा त्यांनी वाजवला. "मग तू माझं झाक, मी तुझं झाकते. हाय कबूल?"

आयुष्यात मला कुणी बरोबरीनं केलेला तो पहिला सौदा. मी कबूल म्हटलं. आबांचं तोंड त्यांनी इमरतीनं बंद केलं.

पण भीती काय सौद्यानं जाते? पुढचे दिवस मी ताप आल्यासारखी होते. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मनातल्या मनात सगळे प्रकार पाहून झाले. नाव घेतलंय, फळ मिळणार. विहिरीवर यांचा पाय घसरला असेल. गोठ्यात साप निघाला असेल. नाव घेतलं बाईंनी, पण पोर हरवलं मी, तेव्हा देव कुणाला धरेल? पाचोडच्या स्टँडवर उतरले तेव्हा चुलत दीर न्यायला आलेले. हे का आले नाहीत? वाटेत त्यांना विचारायची छाती झाली नाही. घराच्या वळणावरून अंगण दिसलं, आणि अंगणात लिंबाखाली बाजेवर बसून माझे यजमान आगपेटीच्या काडीनं कान कोरत होते. मला पाहून म्हणाले, "आलीस का? जरा चहा टाक." इतका गोड मनुष्य मी त्याआधी पाहिला नव्हता. मी चहात साखर इतकी टाकली की त्यांनी विचारलं, "शहरात हेच शिकलीस का?"

त्यानंतर मी मोठ्या बाईंना भीत राहिले का? राहिले. भाकरी त्या खिडकीशी धरायच्याच. पण दर सुट्टीत एकदा आम्ही दोघी त्या बागेत जायचो, त्याच बाकावर बसायचो, आणि तिथं एक खेळ सुरू झाला. तो त्यांनीच काढला. आजूबाजूला बघायच्या, मग ओठ न हलवता म्हणायच्या, "दगड." मी म्हणायची, "अगं बाई!" "तू म्हण." "नको." "म्हण की गं, हितं कोण ऐकतंय? वाघ?" मग मी म्हणायची, "दगड." आणि घाबरून तोंडावर हात. वर्षं गेली तशी धिटाई वाढली. माझ्या दिरांचं नाव उत्तम, म्हणून मोठ्या बाई घरी कशालाही उत्तम म्हणायच्या नाहीत, 'बेस' म्हणायच्या. बागेत मात्र एकदा त्यांनी आख्खं वाक्य जुळवलं, "भगवानानं उत्तम दगड केला!" आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की समोरच्या बाकावरचं नुकतं लग्न झालेलं जोडपं उठून लांब जाऊन बसलं. हसता हसता त्यांची नजर मात्र सारखी पोरावर. मोठा झाला, मिसरूड फुटली, तरी बागेत आला की त्याचा सदरा यांच्या मुठीत. तो वैतागायचा, "मोठी आई, सोड ना, कॉलेजात जातो मी." त्या सोडायच्या नाहीत. मला वाटायचं, धाक आहे तो. बाईंचं सगळंच मला धाकासारखं दिसायचं… इतकी मी हुशार.

दीर गेले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. माझा दगडू शहरातल्या कंपनीत लागला, फ्लॅट घेतला, आणि मग माझ्या सुट्ट्या त्याच्या घरी व्हायला लागल्या. आता मी त्याला दगडूच म्हणते, नातीसमोर तर दगड्याही म्हणते. तीन वर्षांपूर्वी शोभानं हळूच सांगितलं की आई विसरायला लागली आहे. भाजीत मीठ दोनदा टाकते. कंगव्याला काय म्हणतात ते आठवत नाही, हातानं केस विंचरल्यासारखं करून दाखवते. मला आधी वाटलं, वय आहे, होतं. मग एकदा गेले तर मोठ्या बाई मला "आत्याबाई" म्हणाल्या आणि पाया पडल्या. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. ज्यांच्या भीतीनं मी आयुष्यभर पाय ओढून घेतले, त्या माझ्या पायावर डोकं ठेवत होत्या. मी मागं सरकले. घरी येऊन आरशात बघितलं, खरंच सासूबाईंसारखी दिसायला लागलेय की काय. ती भीती वेगळीच.

ह्या उन्हाळ्यात मी शोभाला म्हटलं, बागेत नेते एकदा. तिचा जीव होईना, पण हो म्हणाली. रिक्षानं गेलो. बाग आता पुष्कळ बदलली आहे, कानात वायरी घातलेली माणसं झपाझप चालतात, पण लिंब तेच आणि आमचा बाकही तोच, फक्त एक कोपरा उडालेला. बाईंना बसवलं. वजन पिसासारखं झालं होतं. किल्ल्या कधीच गेल्या होत्या, तरी बोटं कमरेशी चाळवत होती. मी आजूबाजूला बघून, डोळा मारून म्हटलं, "बाई, म्हणा की. दगड."

त्यांनी दचकून माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं नाव घिऊ नये, गोदे," म्हणाल्या. "धोंडा म्हणावं."

मला गोदे म्हणाल्या, ओळखलं, म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण बागेतला सगळा खेळ, सगळं हसणं, ती वाक्यं, ते सगळं पुसून गेलं होतं आणि खाली जे जुनं होतं तेवढंच शिल्लक राहिलं होतं. मी काही बोलणार तोच आतल्या बाजूनं वाघ ओरडला. आता तो दुसरा वाघ असेल, त्याचा नातू-पणतू असेल, पण आवाज तोच. मोठ्या बाई ताठ झाल्या. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. बाकाखाली वाकून पाहिलं. "पोरगं कुठंय?"

"कुठलं पोरगं, बाई?"

"आत्ता हितं व्हतं." त्या उठल्या. मी धरायला गेले तर माझा हात झिडकारला, एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. आणि हिरवळीच्या कडेकडेनं चालायला लागल्या, पदराचं टोक दातात, कुजबुजत, "आबा… अहो आबा…"

मी मागं मागं. मी पाहत होते, आणि मला कळत होतं की ही मी आहे. ह्या बाई नव्हेत, ही पंचविशीतली मी आहे, त्यांच्या अंगात शिरलेली. मी दगडूला फोन लावला, तो कंपनीत होता, फोन त्यांच्या कानाशी धरला. "मोठी आई, मी दगडू बोलतोय. हाय मी, ठीक हाय." त्यांनी फोन ढकलला. "हा कोण बाप्या? पोराचं इचार त्याला!" चालणारी माणसं कानातल्या वायरी काढून थांबायला लागली. एक मुलगी म्हणाली, "आजी, पाणी देऊ का त्यांना?" बाईंच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे. त्यांना हाक मारता येत नव्हती. नाव घेऊ नये, एवढं एकच त्यांना लख्ख आठवत होतं. मला वाटलं, ह्या इथंच जातील. माझ्यासमोर, ह्या भीतीतच जातील.

मग मी काय केलं? बाकावर चढायचं माझं वय नाही, गुडघे बदलायचे राहिलेत. मी पदर कमरेला खोचला, हिरवळीच्या मधोमध जाऊन उभी राहिले, आणि ज्या हाकेला उशीर झाला होता ती घातली.

"दगड्याऽऽऽ! ए दगड्याऽऽऽ! कुठं मेलास रं मुडद्याऽऽऽ!"

माझा आवाज त्यांच्याएवढा नाही. तरी झाडावरचे पक्षी उडाले आणि सुरक्षारक्षक धावत आला. मी पुन्हा ओरडले. पुन्हा ओरडले. मोठ्या बाई जागच्या जागी थांबल्या होत्या. दातातलं पदराचं टोक सुटलं. माझ्याकडं त्या अशा बघत होत्या की जणू कुणीतरी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आलं आहे. मी त्यांच्याजवळ गेले. "सापडलं, बाई."

"सापडलं?"

"व्हय. वाघाकडं व्हतं. शेंगदाणे खात व्हतं."

"भ्यालं का?"

"कशाचं भ्येतंय? वाघाला उठवलं म्हणून आपल्यालाच बोललं."

त्यांनी मान डोलावली. आम्ही बाकावर जाऊन बसलो. माझं काळीज अजून धडधडत होतं, त्यांचं हळूहळू शांत होत होतं, हात माझ्या हातात होता म्हणून मला कळत होतं. सुरक्षारक्षकाला मी म्हटलं, "काही नाही रे बाबा, नाव घेतलं एकाचं." तो गेला. वाघ पुन्हा ओरडला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी शोभाचा फोन आला. तेराव्यानंतर मी एकटीच त्या बागेत जाऊन आले. बाकाच्या उडालेल्या कोपऱ्याच्या बाजूला त्या बसायच्या, तिथं पिशवी ठेवली, कुणी बसू नये म्हणून. आजूबाजूला बघितलं, आणि ओठ न हलवता म्हटलं, "कौसल्या." घाबरून तोंडावर हात ठेवला. सवय जात नाही. एक बाई पिशवीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "इथं कुणी आहे का?" मी हो म्हटलं.

आमचा सौदा मी आजवर पाळला. आता सगळं छापून टाकतेय, यजमान वाचतील, वाचू द्या, चहा मीच करते त्यांचा. पण सौद्यात नसलेली एक गोष्ट त्या शेवटच्या दिवशी माझ्या पदरात पडली. रिक्षाकडे जाताना फाटकाशी मोठ्या बाई थांबल्या. मागं वळून बागेकडं पाहिलं, मग माझा दंड दोन्ही हातांनी धरला, आणि मी आयुष्यभर ज्यांना भ्याले त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या,

"मी लई भ्याले व्हते, गोदे. धर मला. अन् घरी कुणाला सांगू नको."